नव्या पुलाची सवय

मौलवी झमरक बांधकाम मंत्री झाले आणि काबूलहून आमच्या गावच्या नव्या पुलाची फीत कापायला आले. परदेशात पाऊल ठेवायला त्यांना अजून जगभरातून बंदी आहे, पण आमच्याकडे यायला त्यांना कोण अडवणार? लढाईच्या काळात ते इथलेच कमांडर होते. तेव्हाच्या सरकारनं पूल बांधला की ते सुरुंग लावून उडवायचे.

फीत कापून झाली, हिरवा चहा झाला. तेवढ्यात खानमीरकाका कलिंगडांचा ट्रक घेऊन आले आणि पूल सोडून सरळ खाली कोरड्या ओढ्यात उतरायला लागले. मंत्र्यांचा पारा चढला.

"अहो काका, एवढा पूल बांधलाय तो काय नुसता बघायला?"

"सवय हो, मौलवीसाहेब. तुम्हीच लावलीत."

आम्ही सगळे पगड्या सावरत भलतीकडेच बघायला लागलो. पण मंत्री मोठ्यानं हसले.

"आता कसली भीती? सरकार आपलं, पूल आपला. आपल्याच पुलाखाली कोण कशाला सुरुंग ठेवेल?"

त्यांनी ट्रक मागे घ्यायला लावला. काका कलमा पुटपुटत पुलावरून धडपणे पलीकडे पोचले. आम्ही 'अल्लाहू अकबर'चा गजर केला. मंत्र्यांना पुढच्या गावी जायचं होतं. त्यांची गाडी पुलाच्या तोंडाशी आली आणि थांबली.



खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला, त्यानं ओढ्याकडे बोट दाखवलं, आणि सगळा ताफा एकामागून एक खाली उतरला.