भिंतीपलीकडचा गोल

बाबांच्या खोलीतला टीव्ही गच्चीवरच्या अँटेनावर चालायचा, मुलाच्या खोलीतला इंटरनेटवर. सामना तोच, पण इंटरनेटवरचं चित्र काही सेकंद मागे असायचं. मुलाच्या पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर, आणि भिंतीपलीकडून बाबा ओरडायचे, “गोल!”

“बाबा, सगळी मजा घालवता तुम्ही,” मुलगा वैतागायचा.

“मग इकडे येऊन बस की माझ्याजवळ,” बाबा म्हणायचे.

शेवटी त्याने अँटेना आणि इंटरनेट एकत्र जोडणारा डबा मागवला. तो बसवला की दोन्ही टीव्हींवर सगळं एकदमच दिसणार होतं. बसवणारा माणूस आज दुपारी यायचा होता.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला तेव्हा सामना सुरू झाला होता. बाबांचं दार लोटलेलं होतं, खालच्या फटीतून टीव्हीचा उजेड दिसत होता. तो तडक आपल्या खोलीत जाऊन बसला. पहिला गोल झाला, मग दुसरा. एकही आधी कळला नाही. भिंतीपलीकडून हूं की चूं नाही.

“डबा लागू पडला बघ,” तो बायकोला म्हणाला. “आता बाबा ओरडले तरी गोलाबरोबरच ओरडणार. टीव्हीच्या गलक्यात काय ऐकू येतंय.”

कपड्यांच्या घड्या घालणारा तिचा हात थांबला.

 

“तो माणूस उद्या येणार आहे. डबा अजून खोक्यातच आहे.”