मोर्चा पांगल्यावर

"आमचं डोकं, आमची मर्जी!" ही घोषणा सकाळपासून ऐकून हवालदाराचे कान किटले होते. हेल्मेटसक्तीविरुद्धचा मोर्चा एकदाचा संपला. मोर्चातली पोरं उघड्या डोक्यांनी, बुंगाट गाड्या पळवत पुलाकडे निघून गेली.

त्यांचे साठीतले पुढारी तेवढे मागे राहिले. त्यांनी स्कूटरची डिकी उघडली, आतून हेल्मेट काढलं आणि डोक्यावर चढवलं.

"हे काय, काका?" हवालदाराने विचारलं.

"माझा विरोध सक्तीला आहे, हेल्मेटला नाही. मी रोज घालतो."

हवालदाराने कपाळावरचा घाम पुसला. वाद घालायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. "पटलं. पण हे त्या पोरांना सांगितलंत का?"

काकांनी वळून पुलाकडे पाहिलं. पोरं केव्हाच दिसेनाशी झाली होती. पट्टा लावणारा त्यांचा हात हनुवटीखालीच थांबला.