चारचे तीन ठोके

हळदीच्या कारखान्यातला नवा सायक्लोन रोज बरोबर चार वाजता स्वतःलाच तीन ठोके मारायचा, आणि अभियंता रेहान मुजावर रोज चडफडायचा.

सायक्लोन म्हणजे हळद साफ करणारं यंत्र. त्याच्या पोटात हवा भोवऱ्यासारखी फिरायची आणि हळदीतला माती-कचरा खालच्या निमुळत्या तोंडातून बाहेर पडायचा. तो तिथे चिकटू लागला, की सायक्लोनचा पत्रा आपला आपण ठोके देऊन वाट मोकळी करायचा. ठोका कुठे आणि किती जोरात द्यायचा, हे तो इंदुमती कोळेकरांच्या हातोड्याकडून सहा महिन्यांत शिकला होता. बावीस वर्षं हातोडा मारून झिजलेल्या त्यांच्या खांद्याला आता आराम होता. त्या खुर्चीत बसून नुसती देखरेख करायच्या.

"मावशी, चारला तोंड अगदी मोकळं असतं, तरी हा ठोकतोय," रेहान म्हणाला. "उद्या ह्याचं सगळं शिकलेलं पुसतो. पहिल्यापासून शिकवू."

"पुसू नका की साहेब! आणखी सहा महिने हातोडा कुणी मारायचा?" इंदुमतीबाई खांदा चोळत म्हणाल्या. मग जरा ओशाळल्या. "चूक त्याची न्हाई. ते ठोके माझेच हायत."

"तोंड मोकळं असताना? कशासाठी?"

त्यांनी दाराकडे बोट केलं. पलीकडच्या शेडमधून पॅकिंगच्या बायका हळदीचे हात पदराला पुसत, आपापले कप घेऊन येत होत्या.

"चहा झालाय," इंदुमतीबाई म्हणाल्या. "त्यास्नी हाक मारतोय तो."