बिननावाचा संत

बसा प्रोफेसर, रकियाचा घोट घ्या, गोष्ट सांगतो. आमच्या चर्चच्या भिंतीवर एक संत रंगवलाय, शेजारी जुन्या स्लाव्ह अक्षरांत त्याचं नाव होतं. एका देशाची फौज आली, तिनं ते खरवडून आपल्या संताचं नाव लिहिलं. दुसऱ्या देशाची आली, तिनं तेही खरवडलं. आता नुसते ओरखडे उरलेत. कुणी सावा म्हणतं, कुणी नाऊम, लग्नातसुद्धा त्यावरून डोकी फुटतात. बिननावाच्या चित्राला आम्ही संत मानत नाही, त्याला मेणबत्तीही लावत नाही. माझी बायको वेलिका तिथं झाडायला जायची, आता अंथरुणाला खिळलीय. म्हणते, "अहो, तो उंबऱ्याशी येऊन विचारतो, बाई, मी कोण?" "मग सांग की काहीतरी!" मी म्हटलं. "मरताना संताशी खोटं बोलू? अक्कल गहाण ठेवलीत?" तो संत कोणत्या देशाचा हे ठरवायला आलात, ते नंतर ठरवा, प्रोफेसर, आधी ओरखड्यांखालचं नाव वाचून तिला सांगा.