फर्डिनंडचे जर्मन

"हे मी सांगितलं, तर अख्ख्या वसईत कोनी खरं मानायचं नाही," फर्डिनंडने खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही तर मुळीच नाही."

"मग सांगतोस कशाला?" शेजारची रोवेना म्हणाली.

"खरं आहे म्हनून!"

वटारला फर्डिनंडच्या ओटीवर रविवारी संध्याकाळी हशा पिकला. मनोरमाबाईही हसल्या. पण त्यांच्या हातात पेन होतं आणि मांडीवर परेशने दिलेला कागद. त्यावर सही झाली, की त्यांचे शेअर परेशचे.

मनोरमाबाईंचे यजमान श्रीरंग कामणच्या पंपाच्या कारखान्यात जन्मभर फिटर होते. दर दिवाळीचा बोनस त्यांनी कंपनीच्याच शेअरमध्ये घातला. 'ही आपली म्हातारपणाची विहीर,' असं म्हणायचे. मग श्रीरंग गेले, कंपनी कर्जात बुडाली, आणि बाजाराने तिच्या शेअरची खरेदी-विक्रीच बंद करून टाकली. विहिरीवर झाकण पडलं. बाईंना दोन्ही गुडघे बदलून घ्यायचे होते. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. परेश देत होता त्या भावात एका गुडघ्याची वाटीही आली नसती. पण अगदीच काही नाही, त्यापेक्षा बरं.

रोवेना आणि व्हिक्टर, दोघंही त्याच कारखान्यातले जुने कामगार. त्यांच्याकडेही तेच शेअर. "बाय करेल ते आम्ही करू," असं म्हणून दोघं निवांत चहा पीत बसले होते.

परेश विरारचा. कडक इस्त्रीचा शर्ट आणि तोंडात साखर. "काकी, मी बुडालेल्या कंपन्यांचे शेअर गोळा करतो. लोक जुनी नाणी जमवतात ना, तसं. नुसती हौस. पण आजच काय ते करा, उद्यापासून मी सुरतेला."

आता फर्डिनंडच्या ओटीचा एक जुना कायदा होता. त्याची थाप भर सभेत जो पकडेल, त्याला त्याच्या वाडीतलं वेलची केळं. मात्र नुसतं 'खोटं' म्हणून भागत नसे. खरं काय, तेही सांगावं लागे.

"तर परवा शुक्रवारी मी कंपनीत गेलो," फर्डिनंडने सुरुवात केली. "अंगात लग्नातला सूट, डोक्यावर हॅट. गेटसमोरच्या वडाखाली रिक्षा सोडली..."

"चिंच आहे ती," परेश म्हणाला. "वड कुठला?"

"शाब्बास! घे केळं!"

परेशने हसत केळं सोललं.

"वॉचमनला वाटलं, पोर्तुगालचा कोनी साहेब आला. आता देवाने नाकच तसं दिलंय, मी काय करू? त्याने सलाम ठोकला आनि मला घेऊन गेला वरच्या मजल्यावर, चेअरमनच्या केबिनमध्ये."

"केबिन तळमजल्यावर आहे, अंकल!"

"अजून एक!" व्हिक्टरने परेशला टाळी दिली. "फर्डी, आज तुझी वाडी रिकामी होते बघ!"

परेशला आता चव लागली होती. केळ्याची आणि जिंकण्याचीही. तो खुर्चीच्या काठावर सरकून बसला.

मनोरमाबाईंचं मन या गमतीत नव्हतं. त्यांनी कागद सपाट केला आणि सावकाश 'मनो' एवढी अक्षरं काढली.

"केबिनमध्ये बसलंय कोन? सहा जर्मन! एकेक ताडाएवढा. चेअरमन बिचारा घाम पुसतोय. मी खिशातनं सुकेळी काढली, आपली वसईची उन्हात वाळवलेली केळी, एकेकाच्या हातावर ठेवली. सगळ्यात जाडा जर्मन ती चघळत म्हनतो कसा, 'ज्या कंपनीचे शेअरवाले असला माल खातात, ती कंपनी आम्ही घेनार!' तिथल्या तिथे सह्या! बँकांचं सगळं कर्ज ते फेडनार, आनि आपले शेअर परत बाजारात फिरनार."

"सुकेळी खाऊन?" रोवेनाने कपाळावर हात मारला. "सायबा, याला कुनीतरी आवर!"

व्हिक्टर हसून हसून ठसकला. पण मनोरमाबाईंचं पेन थांबलं. थाप ती थापच, हे का त्यांना कळत नव्हतं? तरी ते 'परत फिरनार' कानात शिरलं, आणि 'मनो'च्या पुढे 'रमा' काही उतरेना.

"फर्डिनंडभाऊ, शपथेवर सांगता?"

"चला, वेदीसमोर उभं करा मला."

परेशने हातातलं केळं खाली ठेवलं. "काकी, सही करून टाका. अंकल थापा मारतायत."

"मग पकड की!" व्हिक्टर म्हणाला. "खरं काय ते सांग, केळं घे."

"अहो, त्यात सांगायचंय काय? खोटं आहे, बस."

"नुसतं खोटं चालत नाही," रोवेनाने बोट नाचवलं. "कायदा म्हंजे कायदा!"

मनोरमाबाईंनी पेनला टोपण लावलं. "आजचं राहू दे, परेश. मी उद्या कामणला जाऊन विचारून येते, कोणी जर्मन आले होते का म्हणून. गुडघे दुखतील, दुखू देत."

"विचार, बाय, विचार," फर्डिनंड म्हणाला. बोलत होता बाईंशी, बघत होता परेशकडे. "शुक्रवारी दुपारी, माझ्याच पेनाने सह्या केल्या सहाही जर्मनांनी. यातली थाप पकडनारा अजून जन्माला यायचाय."

परेश ताडकन उठला. मांडीवरच्या साली खाली पडल्या.

"साफ खोटं!" तो ओरडला. "शुक्रवारी तिथे कुणीही सही केलेली नाही! आणि जर्मन कुठले? कोरियन आहेत ते, आणि सह्या उद्या सकाळी आहेत!"