बोडीचं नाव

"आजी, फक्त नाव सांगा. या बोडीचं नाव काय?"

"बोडी म्हंजे बोडी. पाणी हाय तिच्यात."

पौर्णिमानं कपाळावर हात मारला. किरनापूरकडच्या जुन्या तलाव, बोड्या, नाल्यांची नावं गोळा करून ऐतिहासिक नकाशावर चढवायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं, आणि आज शेवटचा दिवस. नियम असा की गावातल्या सगळ्यात वयस्क माणसानं स्वतःच्या तोंडानं नाव सांगायचं आणि तो आवाज मोबाइलमध्ये घ्यायचा. त्यानं नाही सांगितलं, तर सरपंच म्हणेल ते नाव. आता सगळ्यात वयस्क होत्या विमलाबाई, आणि विमलाबाईंच्या तोंडाला कुलूप!

बोडीच्या पाळीवर सरपंच पुनाराम खुर्ची टाकून मजेत बसला होता. "मी काय म्हन्तो मॅडम, माह्या बापाचं लिवा. दुलीचंद सागर. बोडी त्यानंच खोदली."

"खोटं!" विमलाबाई कडाडल्या. "तुह्या बापानं एक टोपली माती तरी उचलली का रे?"

"मग कोनं खोदली? सांग ना मॅडमले," पुनाराम गालात हसला.

विमलाबाईंनी पदर तोंडाशी धरला. जमलेले लोक सरपंचाकडे बघून खाली बघू लागले. पौर्णिमाला वाटलं, या गावाला एकदा गदागदा हलवावं.

तेवढ्यात फोन वाजला.

"वीरेंद्र, ठेव फोन! डोकं फिरलंय इथं माझं!"

विमलाबाईंनी जीभ चावली. "कोन व बाई? मालक?"

"हो, नवरा."

"अन् त्याचं नाव घेतलं? आयुष्य तुटते व मालकाचं!"

"माझंच तुटायला आलंय, आजी! बरं, तुम्हाला आठवत नसेल तर तुमच्या मालकांना बोलवा. त्यांना विचारते."

"ते तिरोडीले खदानीत गेलते. येतीन."

"कधी?"

"येतीन ना." विमलाबाईंनी कपाळावरचं ठसठशीत कुंकू बोटानं सारखं केलं.

मागून म्हातारा चैतराम पुटपुटला, "हिचा नातू कॉलेजात गेला, तरी मालक येऊनच राह्यले."

लोक हसले. पौर्णिमाला हसू आलं नाही. शेवटची बस चुकणार होती, आणि इथं म्हातारीच्या गप्पा!

"काहून अडून बसल्या तुम्ही? मी तुमची शेतीवाडी मागून राह्यली का?" रागाच्या भरात ती माहेरच्या बोलीवर आली. "ठीक आहे. लिहिते दुलीचंद सागर. एकदा नकाशावर चढलं की मग कोणाच्या बापाला खोडता येणार नाही."

"हौ, लिवा, लिवा," पुनाराम उठलाच. "म्या म्हनलंच होतं, बुढी सांगत नाई. मरंल, पन सांगत नाई."

पौर्णिमा मोबाइलवर अक्षरं दाबू लागली.

"थांब व बाई."

विमलाबाई पाळीवरून उतरून पाण्याशी जाऊन बसल्या होत्या. "मग पोरंसोरं तेच नाव घेतीन? कायमचं?"

"नकाशात असेल तेच घेतील."

विमलाबाईंनी ओंजळभर पाणी घेतलं, पुन्हा बोडीत सोडलं. मग म्हणाल्या, "आन ते इकडं."

पौर्णिमानं मोबाइल त्यांच्या तोंडाशी धरला.

"फकिराची बोडी," विमलाबाई मोठ्यानं, स्पष्ट म्हणाल्या.

पुनारामनं आपली खुर्ची उचलली.

"सुटले बाई एकदाची!" पौर्णिमानं नाव टाकलं. "एवढ्याशा नावासाठी दिवस घालवला माझा. कोण हा फकिरा?"

विमलाबाईंनी पदराचं टोक बोडीत भिजवलं, आणि कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं.