सातव्या महिन्याचा चुडा

दुसरी बांगडीही वाढली. 'फुटली' असं त्या घरात आज कोणी म्हणणार नव्हतं. हिरव्या काचेचे तुकडे चटईवर पडले आणि सारजाच्या मनगटावर रक्ताचा बारीक ठिपका आला.

सात रस्त्याच्या मागच्या चाळीतली ती एकच खोली बायकांनी भरली होती. डोहाळजेवणाचं ताट कोपऱ्यात झाकून ठेवलं होतं. बाहेरून एक टांगा गेला, तेवढाच आवाज.

"गेल्या साली बी सातव्यातच..." शेजारची केराबाई पुटपुटली आणि तोंडाला पदर लावून गप्प बसली.

सारजाने ते ऐकलं. तिचा मोकळा हात पोटावर गेला.

"पोरीनं हात ताठ धरलाय," चन्नम्मा कासारीण म्हणाली. "मी तरी काय करू? ढिला सोड की अव्वा."

"सोडलाय की मावशी," सारजा म्हणाली.

सासू मथुराबाई पुढे आल्या. पाटीतल्या बांगड्यांच्या माळेवर त्यांनी हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे चन्नम्मा. आज न्हाय भरायच्या."

"मग कवा?" कोणीतरी विचारलं.

"पोर हातात आल्यावर," त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या.

सारजाने मान खाली घातली. इतका वेळ आवरून धरलेलं डोळ्यातलं पाणी तिच्याच तळहातावर पडलं. तो तळहात अजून चन्नम्माच्या हातात होता. चन्नम्माने खाली पाहिलं. पोरीचा हात अगदी सैल होता, झोपलेल्या मुलाचा असतो तसा.

मग तिला स्वतःचा अंगठा दिसला. दाबून दाबून त्याचं नख पांढरं पडलं होतं. आपले दातही एकमेकांवर घट्ट बसले आहेत, हे तिला तेव्हाच कळलं. सकाळपासून बसले असावेत.

तिने सारजाचा हात सोडला.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "पोरीचा हात ताठ न्हाय. माझा हाय."

"म्हंजे?" मथुराबाईंनी विचारलं.

"सकाळधरनं राग हाय माझ्या हातात, आक्का. दोन दिसांनी नळाला पाणी आलं. पहाटं उठून मी पिंप भरून ठेवलं. आन् जावेनं त्यात गोधडी भिजवली."

केराबाईने तोंडावरचा पदर काढला. "पिंपात?"

"पिंपात."

"प्यायच्या पाण्यात?"

"व्हय. आन् गोधडी लेकराची. मुतलेली."

मागे कोणीतरी हसू दाबायला गेलं, पण ते दाबलं गेलं नाही.

"अगं बया! म्हंजे जावेचं नरडं समजून आमच्या पोरीचा हात दाबत हुतीस व्हय!" केराबाई म्हणाली, आणि सगळी खोली हसली. सारजाही हसली. हसता हसता तिने नाक पुसलं.

मथुराबाई मात्र हसल्या नाहीत.

"खरं सांग," त्या म्हणाल्या. "आमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून तर बोलत न्हाईस?"

चन्नम्माने सारजाचा हात उलटा करून त्यांच्यापुढे धरला. तळव्याच्या कडेला नखाची लाल कोर उमटली होती.

"ह्यो माझ्या नखाचा वळ. एवढं दाबल्यावर काच बिचारी काय करंल?"

मथुराबाईंनी वाकून तो वळ पाहिला. बराच वेळ पाहिला. बोटाने चाचपला. मग माळेवरचा हात काढून घेतला.

चन्नम्माने तांब्याभर पाणी मागितलं. हात धुतले, पुसले आणि मांडीवर उताणे ठेवले. बांगड्या मात्र घेतल्या नाहीत. नुसती बसून राहिली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"मंतर म्हणतीस का काय?" केराबाईने विचारलं.

"मंतर कुटला? राग गेला का बघते."

"गेला?"

"दातातनं गेला. खांद्यात हाय अजून."

"घाई न्हाय," सारजा हळूच म्हणाली. आज ती पहिल्यांदाच आपणहून बोलली होती.

थोड्या वेळाने चन्नम्माचे खांदे खाली आले. तिने सारजाचा हात घेतला, अंगठा आत मिटवला आणि बांगडी पेरांवर टेकवली. ती सरकली. दुसरी सरकली. तिसरीला सारजाने डोळे मिटले, पाचवीला उघडले. त्यानंतर खोलीत कोणी श्वास रोखून बसलं नव्हतं. मागच्या बायका तर जावांच्या गोष्टी सांगू लागल्या होत्या.

दोन्ही मनगटं हिरवी झाली. रीतीप्रमाणे सारजा चन्नम्माच्या पाया पडायला निघाली, पण पोटामुळे तिला वाकता येईना. चन्नम्माने तिला दंडाला धरून वर उचललं आणि तिचं तोंड कुरवाळलं.

ताटावरचं झाकण निघालं. बायका तिकडे वळल्या. पुरणाचा वास सुटला. सारजाला पाटावर बसवताना कोणीतरी तिला चिडवलं आणि बांगड्या किणकिणल्या.

मथुराबाई तिथेच बसून होत्या. कोणाचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी आपला हात चन्नम्मापुढे केला.

"माझ्याबी भर दोन."

हाताची मूठ घट्ट आवळलेली होती. ती मूठ चन्नम्माने आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि बांगडीकडे न बघता तशीच बसून राहिली.

बऱ्याच वेळाने करंगळी सुटली.